रिकाम्या पेट्यांची चोरी

१

ऋषिपंचमीच्या दिवशी निदान दुपारपर्यंत तरी चिडायचं नाही, असा मनकर्णाबाईंचा दरवर्षीचा संकल्प असे आणि दरवर्षी तो मोडत असे. या वर्षी तो शाळेच्या फाटकातच मोडला.

"चोरी! धडधडीत चोरी झालीय, मोठ्या बाई!"

व्हरांड्याच्या पायरीवर शाळा समितीचे अध्यक्ष गोरक्षअण्णा उभे होते. डाव्या हातात आरतीचं तबक, उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. तबकातलं निरांजन कधीच विझलं होतं, अण्णा मात्र पेटलेले होते.

मनकर्णाबाई बोलल्या नाहीत. त्यांना बोलताच येत नव्हतं. चातुर्मासातला त्यांचा नेम होता, सकाळी उठल्यापासून गणपतीला दूर्वा वाहीपर्यंत मौन. एरवी हा नेम घरीच उरकायचा. पण काल शाळेत गणपती बसला, तेव्हा हे दहा दिवस दूर्वा इथेच वाहायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. आता त्याचा पश्चात्ताप होत होता.

"अहो, मी काय म्हणतोय? ऐकताय ना?"

बाईंनी हात वर केला. थांबा. चपला काढल्या, नळावर हातपाय धुतले, पदरातली दूर्वांची जुडी काढली. अण्णा मागेमागे, पावलापावलाला 'चोरी' म्हणत.

मिरजगावच्या अलीकडे, नगर-सोलापूर रस्त्याला लागून पावनगंगा विद्यालय आहे. व्हरांड्याच्या टोकाला संगणक कक्ष आणि त्याच्याच भिंतीला टेकून गणपतीचं मखर. पांढऱ्या सॅटिनच्या झालरी, लाल-पिवळ्या दिव्यांच्या माळा, मध्ये हातभर उंचीची शाडूची मूर्ती. बाईंनी दूर्वा वाहिल्या, डोळे मिटले, मनात काय म्हटलं ते देवालाच ठाऊक, आणि वळल्या.

"हं. आता सांगा."

"सगळ्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क गेल्या! एकूण एक!"

कक्षात टेबलांच्या रांगा होत्या. संगणकांचे पडदे सगळे काळे, आणि प्रत्येकावर डिस्क सापडत नाही अशा अर्थाची एकच इंग्रजी ओळ. दोन पेट्यांची झाकणं काढून जमिनीवर ठेवलेली. अण्णांनी एका पेटीत बोट घालून चहूकडे फिरवलं. "ही बघा डिस्कची जागा. रिकामी! दुसरी बघा, रिकामी! परवा वर्ग झाला तेव्हा चालत होत्या. काल चतुर्थीची सुट्टी. आज डिस्क नाहीत. किल्ली कोणाकडे? ह्याच्याकडे!"

खिडकीजवळ परवेझ उभा होता. संगणक कक्षाचा मदतनीस, पंचविशीतला, भिंगारहून दोन वर्षांपूर्वी आलेला. चेहरा पिठासारखा पांढरा.

"बाई, यांच्यात डिस्क नव्हतीच," तो म्हणाला. "पहिल्यापासून नाही. हे डिस्कशिवाय चालतात."

अण्णा खदखदून हसले. "इंजिनाशिवाय ट्रॅक्टर चालतो म्हणे! मग चालव की! चालव बघू आत्ता!"

परवेझने बटण दाबलं. पेटी घरघरली. पडदा उजळला, थोडा वेळ काहीतरी शोधल्यासारखं झालं आणि पुन्हा तीच ओळ आली. डिस्क सापडत नाही.

"झालं?" अण्णांनी कोपऱ्यातल्या जाळीच्या लोखंडी कपाटाला खिशातलं कुलूप लावलं. आत एक मोठं मशीन गुणगुणत होतं आणि वायरींचा गुंता होता. "हा पुरावा. आता पोलीसच उघडतील. उद्या दुपारी समितीची बैठक. तक्रारीवर मुख्याध्यापिका म्हणून तुमची सही लागेल. तयार ठेवा." जाता जाता त्यांनी मोबाईल कपाळावर मारल्यासारखा केला. "आणि तुमच्या शाळेचं ते वायफायसुद्धा धड नाही! माझ्या लेकीला, मोनिकाला बिचारीला, आरती निम्मीच दिसते!"

बाईंना या घडीला वायफायशी काही देणंघेणं नव्हतं. उपास होता, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा. अण्णांचं डोकं खाल्लं तर चालेल का, असा एक पापी विचार मनात येऊन गेला, आणि त्यांनी लगेच कानाला हात लावला.

२

"नीट सांग," ऑफिसात बसल्यावर बाई म्हणाल्या. "मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. मी जूनमध्ये संगमनेरहून बदलून आले, मला इथलं मागचंही काही ठाऊक नाही. तेव्हा माझ्या आईला सांगतोय असं समजून सांग."

परवेझने खुर्चीच्या कडेवर टेकून सांगायला सुरुवात केली. ही मशीनं पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेली. कंपन्या जुनी मशीनं विकताना आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून डिस्क काढून घेतात. आधीचे संगणक शिक्षक सहादेव सर यांनी ती तशीच आणली. नव्या डिस्क घेण्यापेक्षा एकच दांडगं मशीन कपाटात ठेवलं. त्याला म्हणायचं सर्व्हर.

"सकाळी बटण दाबलं की पेटी रिकामीच उठते, बाई. तिला स्वतःचं काहीच माहीत नसतं. ती वायरीतून हाक मारते, मी उठलेय, मी कोण, माझं सामान कुठंय? सर्व्हर उत्तर देतो, तुझा नंबर अमुक, ये, माझ्याकडून घे. मग सगळं वायरीतून येतं. बंद केलं की पेटी पुन्हा रिकामी."

"म्हणजे शाळेच्या खिचडीसारखं. पातेलं एक, ताटं अनेक."

"अगदी तस्संच!"

"मग सहादेव सरांना फोन लाव. सांगतील ते."

परवेझने मान खाली घातली. "सर गेल्या दिवाळीत वारले, बाई."

बाईंनी डोळे मिटून घेतले. साधा सरळ उपाय म्हणून देव कधी हाताला लागू देत नाही.

"बरं. मग आज ताटं रिकामी का? पातेलं तर चालू दिसतंय."

"तेच कळेना. आज सकाळी झाडलोट करताना मी तीन मशीनं लावून पाहिली. चालली. वीज नको जाळायला म्हणून बंद केली. मग पूजा मॅडम आल्या, आणि एकही चालेना."

"कोणी पाहिलं चालताना?"

"कुणीच नाही."

"अरे बाबा!" बाईंनी कपाळाला हात लावला. "तुझ्या एकट्यासमोर चालतात आणि चारचौघांत बंद पडतात! हे मी अण्णांना सांगायचं?"

परवेझ उठला. दाराशी थबकला. व्हरांड्याच्या दिशेने एकवार पाहिलं. "बाई, एक शंका आहे..."

"बोल ना!"

"नको. जाऊ द्या." आणि तो निघून गेला.

ज्याच्या मानेवर सुरी टेकलीय, तोच तोंड मिटून बसला, तर माणसाने करायचं तरी काय!

३

पूजा मॅडम म्हणजे नगरहून रोज येऊन-जाऊन करणारी नवी संगणक शिक्षिका. या लॅबवर तिचा पहिल्यापासून राग.

"मी जूनपासून सांगतेय, मॅडम, हे भंगार काढा, लॅपटॉप घ्या. ऐकतं कोण?"

"म्हणून तू काही केलंस का?"

"मी?" पूजाचे डोळे भरून आले. "मला तर आज पोरांपुढे तोंड दाखवायला जागा राहिली नाही. प्रार्थनेआधी मशीनं लावायला गेले. एक कशीबशी सुरू झाली, बाकी ठप्प. तीही बंद करून लावली तर ठप्प."

"एक सुरू झाली होती?"

"हो. म्हणून तर मला वाटलं, बाकीच्याही होतील."

बाईंनी हे मनात ठेवलं. डिस्क चोरीला गेली असती, तर ही एक कशाच्या जोरावर उठली?

शिपाई आसाराम दारातच आडवा उभा राहिला, पळायला सोपं जावं तसा.

"म्या काय केलं न्हाई, बाई."

"मी अजून विचारलंच नाही."

"तरी सांगून ठिवतो. सकाळी मैदान झाडतो, मग बाप्पाची लायटिंग लावतो, रातीला जाताना बंद करतो. बाकी कायबी ठावं न्हाई. अण्णांना इचारा."

"अण्णांना काय विचारू?"

"कायबी." आणि आसाराम घंटा द्यायला पळाला. घंटेला अजून अर्धा तास होता.

खिचडी करणारी गोजरबाई मात्र न बोलावता आली, भाताचं ताट घेऊन. "ह्ये खावा. देवभात हाय, बैल न्हाई लागला ह्येला. आन् त्या पोराचं काय वंगाळ करू नका. परवेझ लई गुणाचा. माझी पेन्शन मोबाईलवर त्योच बघून देतो."

"मी कुठे काय करतेय, गोजरबाई? माझंच सगळे मिळून करताहेत."

"घाबरायचं न्हाई. औंदा देव जागृत हाय." गोजरबाईने आवाज खाली आणला. "म्या सोता बघितलं. पाटाखाली, झालरीच्या आतून, हिरवा उजेड लुकलुकतो. काजव्यागत."

"लायटिंग असेल ती."

"लायटिंग लाल-पिवळी हाय. म्या काय आंधळी व्हय? ह्यो हिरवा. देव डोळा उघडतो आन् मिटतो."

"गोजरबाई," बाई अतिशय शांतपणे म्हणाल्या, आणि त्यांना ओळखणाऱ्यांना तो शांतपणा ओरडण्यापेक्षा भारी वाटे, "देवाला माझा नमस्कार सांगा, आणि मला जरा एकटीला बसू द्या."

४

एकटं बसून काही सुचेना, तेव्हा त्या पुन्हा कक्षात गेल्या. अण्णांनी उघडलेल्या दोन पेट्यांत बोटांचे फराटे होते; पुरावा म्हणून कुलपं लावणाऱ्याने पुराव्यात आधी स्वतःचं बोट घातलं होतं. बाईंनी परवेझला बोलावून तिसरी पेटी उघडायला लावली. अगदी हळू, धक्का न लावता.

आत डिस्कची जागा रिकामीच होती. पण त्या रिकाम्या चौकटीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीने करडं झालेलं. मध्यभागी वाळलेला डास.

बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग पदराने घाम पुसला.

"परवा इथे डिस्क असती, तर कोळी काय कालच्या एका दिवसात हे विणून, म्हातारा होऊन, वर धूळ साचवून गेला?"

परवेझ पहिल्यांदा हसला, आणि हसताना त्याचे डोळे ओले झाले.

बाईंनी तडक अण्णांना फोन लावला. जाळ्याचं ऐकून अण्णा म्हणाले, "कोळ्याची साक्ष कोर्टात चालत नाही. चालत असतील डिस्कशिवाय, तर चालवून दाखवा. मी नाही म्हणतोय?"

"मग कपाटाची किल्ली द्या. परवेझ वायरी तपासेल."

"म्हणजे चोराच्या हाती किल्ली! छान. उद्या दुपारी बोलू." फोन बंद.

बाईंनी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला, जणू अण्णांचं तोंडच भिंतीकडे केलं. चोरी झाली नव्हती, एवढं आता पक्कं. पण मशीनं चालल्याशिवाय ते कोणी मानणार नव्हतं. आणि गावात एकदा चोर म्हणून नाव पडलं, की मग ते खोटं ठरलं तरी पुसलं जात नाही. त्यातून पोराचं नाव परवेझ. दुपारी त्याची आई मुबारकबी भिंगारहून एसटीने आली होती. काही न बोलता पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि गेली. ते बसणं बाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"परवेझ," त्या म्हणाल्या, "आज सकाळी ज्या वेळी तुझ्यासमोर मशीनं चालली, अगदी त्याच वेळी उद्या ये. मीही येते. मला पाहायचंय."

"आणि नाही चालली तर?"

"तर देवाशी माझं भांडण."

५

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा मैदानावर आसारामचा खराटा चालू होता. मखर अंधारात होतं, दिवे अजून लावलेले नव्हते. दूर्वांची जुडी मुठीत, तोंडाला मौन.

परवेझने पहिलं बटण दाबलं. पडदा उजळला. शोधाशोध झाली... आणि शाळेच्या बोधचिन्हासह पडदा निळाशार झाला. दुसरं बटण. निळाशार. तिसरं, चौथं. रिकाम्या पेट्या एकामागून एक जाग्या होत होत्या, आणि बाईंच्या गळ्यात आलेला आनंदाचा शब्द नेमाने तिथेच अडवून धरला होता. त्यांनी नुसताच परवेझच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात व्हरांड्यात खटका वाजला. मखर झगमगलं.

परवेझने पुढचं बटण दाबलं. पडदा उजळला, शोधत राहिला आणि काळा झाला. डिस्क सापडत नाही.

त्याने त्याच्या पुढचं लावलं. काळं. आधी उठलेली मशीनं मात्र निवांत चालू होती.

बाई ताडकन व्हरांड्यात आल्या. आसारामला हाताने खूण केली, बटण बंद कर. आसारामला वाटलं आरती सुरू कर. त्याने टाळ उचलले. बाईंनी जोरजोरात मान हलवली. त्याने टाळ ठेवून घंटा उचलली. बाईंनी बटणाकडे बोट दाखवलं. त्याने बटणाला नमस्कार केला. आयुष्यात कुठल्या नेमाचा बाईंना इतका वैताग आला नव्हता.

पण नेम तो नेम. त्या मखरापुढे बसल्या. दूर्वा वाहायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. मूर्तीच्या पाटाखाली, सॅटिनच्या झालरीआडून, हिरवा ठिपका लुकलुकत होता. उघड, मीट. उघड, मीट.

गोजरबाई आंधळी नव्हती. आंधळं दुसरंच कोणी होतं.

दूर्वा वाहिल्या. हात जोडले. मग इतक्या हळू आवाजात, की आसारामचे कान आपोआप टवकारले, बाई म्हणाल्या, "आसाराम, ही लायटिंग बंद कर."

"न्हाई बा! अण्णा म्हनले, आरतीपतूर त्या बोर्डाला हात लावायचा न्हाई."

"लायटिंगला हात लावायचा नाही म्हणाले, की बोर्डाला?"

आसारामचं तोंड उघडं राहिलं. त्याने मुकाट्याने बटण बंद केलं. कक्षातून परवेझचा आवाज आला, "चालू झालं, बाई!" बटण लावलं. "थांबलं!" पुन्हा बंद. "चाललं!"

"आता बोल," बाई म्हणाल्या. "पाटाखाली काय ठेवलंयस?"

"म्या न्हाई ठिवलं, बाई... म्हंजे म्याच ठिवलं. पर..." आसाराम गणपतीकडे पाहून कळवळला. "सपथ घातलीया हो मला!"

"मग तू नको बोलू. दुपारी ज्याने शपथ घातली, तोच बोलेल."

६

समितीची बैठक बाईंनी ऑफिसात न ठेवता व्हरांड्यात ठेवली, मखरापुढे सतरंजी टाकून. अण्णा, पूजा, आसाराम, परवेझ. गोजरबाई खांबाला टेकून. कक्षाचं दार सताड उघडं, पडदे सगळे काळे. तक्रारीचा कागद अण्णांनी बाईंपुढे सरकवला.

"करते सही. आधी थोडं विचारते. अण्णा, पंगतीत बसल्यावर तुम्ही प्रत्येकाच्या पानाखाली चूल शोधता का?"

"हे काय भलतंच?"

"ह्या पेट्या म्हणजे पानं. चूल त्या कपाटात, तुमच्या कुलपात. परवेझ पहिल्यापासून हेच सांगतोय. कोळ्याचं जाळं तेच सांगतंय. तेव्हा प्रश्न डिस्क कोणी नेल्या हा नव्हताच. प्रश्न हा, की काल अचानक वाढणं का थांबलं. पूजा, तुझं एक मशीन सुरू झालं होतं. तेच परत लावलं तर नाही. बिघाड असता तर कायमचा असता. सकाळी परवेझपुढे चालतात, नंतर नाहीत. मधे काय होतं? आसाराम बाप्पाची लायटिंग लावतो."

"लायटिंगने कॉम्प्युटर बंद पडतात?" अण्णा हसायच्या बेतात होते.

"लायटिंगने नाही. तुम्हीच काल मला ओरडून उत्तर दिलंत, मीच ऐकलं नाही. तुम्ही म्हणालात, शाळेचं वायफाय धड नाही. अण्णा, ह्या शाळेत वायफाय नाहीच. सगळं वायरीवर आहे. मग मोनिकाला आरती तुम्ही कोणत्या वायफायवर दाखवत होता?"

अण्णांचा हात हळूच मोबाईलवर गेला, जणू तो लपवता आला असता.

"माझ्या घरचा... वायफायचा जुना डबा," ते म्हणाले. आवाजातली हवा गेली होती. "मोनिकाला सातवा महिना. डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलंय. ती पुण्यात पडून. लहानपणापासून शाळेच्या गणपतीची आरती चुकवली नाही पोरीने. म्हटलं, मोबाईलवर दाखवू. इथं फोनला बोलण्यापुरतीच रेंज, व्हिडिओ चालत नाही. आसारामला म्हटलं, मखरामागं भिंतीत हजेरीच्या मशीनच्या वायरीचं जुनं भोक आहे, त्यात वायर घाल, डबा पाटाखाली ठेव, कोणाला सांगू नको. नाहीतर सगळी पोरं मोबाईल घेऊन इथंच बसतील."

"आणि मखराचा बोर्ड चालू झाला, की लायटिंगबरोबर तो डबाही चालू. परवेझ, पुढचं तू सांग. आईला सांगतोय असं."

परवेझ चाचरत म्हणाला, "पेटी उठली की हाक मारते, मी कोण, कुठं जाऊ? ऐकणारा एकच असेल तर ठीक. पण त्या डब्यालाही असंच उत्तर द्यायची सवय असते, घरी सगळ्या मोबाईलना नंबर तोच वाटून देतो. तो लहान, त्याला दुसरं काम नाही, म्हणून आधी ओरडतो. पेटी ज्याचं आधी ऐकते, त्याच्याकडे जाते."

"म्हणजे पंगतीच्या दारात एक उत्साही पाहुणा उभा," बाई म्हणाल्या. "येईल त्याला म्हणतो, या या, इकडे बसा. आणि बसवतो अशा खोलीत, जिथं वाढणारंच कोणी नाही. एखाद्याला खरा यजमान आधी भेटला, तर तो जेवतो. पूजाचं ते एक मशीन तसलं. आणि अण्णा, तुमचा मोबाईलही त्याच दारातून जात होता. म्हणून मोनिकाला आरती निम्मीच. तुमचं आणि परवेझचं गाऱ्हाणं एकच होतं."

त्यांनी आसारामला खूण केली. या वेळी त्याला बरोबर कळली. खटका पडला, मखर विझलं. पूजाने आत जाऊन बटणं दाबायला सुरुवात केली आणि काळे पडदे रांगेने निळे होत गेले.

गोजरबाई कळवळून म्हणाली, "म्हंजे त्यो डोळा न्हवता व्हय देवाचा?"

"ज्याला दिसायला हवं होतं, त्याला देवानेच दाखवलं ना, गोजरबाई? मी तुमचं ऐकलं असतं, तर कालच उलगडलं असतं."

अण्णा सतरंजीवरच्या कागदाकडे बघत होते. मग परवेझकडे वळून, जरा ताठ होऊनच, म्हणाले, "पण काय रे, तू एवढा जाणकार. तुला कळलं नव्हतं?"

बाईंना त्याचं कालचं दारातलं थबकणं आठवलं. "शंका होती ना तुला?"

"हो. कपाटाच्या जाळीतून दिसत होतं, हजेरीच्या मशीनच्या वायरीचा दिवा लुकलुकत होता. ते मशीन तर बंद पडून वर्ष झालं. म्हणजे मखरामागं कोणीतरी काहीतरी जोडलंय, हे कळलं होतं." त्याने पायाच्या अंगठ्याने सतरंजीची कड दाबली. "पण बाप्पा बसलाय. उत्तरपूजेआधी हलवत नाहीत, हे मलाही माहिताय. त्यात मी. त्यात चोर म्हणून उभा. मी पाटाखाली हात घालताना कोणी बघितलं असतं, तर डिस्कची चोरी बरी म्हणायची पाळी आली असती."

रस्त्यावरून उसाचा एक रिकामा ट्रेलर खडखडत गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

"डबा काढून टाक, आसाराम," अण्णा अखेर म्हणाले. "मोनिकाला मी समजावतो."

"काढायची गरज नाही," परवेझ पटकन म्हणाला. "आसारामभाऊंनी वायर डब्याच्या चुकीच्या भोकात घातलीय. निळ्या भोकात घातली, की तो आमच्या पेट्यांना उत्तर देणार नाही. ताईंना आरती पूर्ण दिसेल, लॅबही चालेल. एका मिनिटाचं काम आहे. आसारामभाऊ, मी सांगतो तसं—"

"आसाराम नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "काल त्याने चुकीच्या भोकात घातली, आज तिसऱ्याच भोकात घालेल. ज्याला कळतं, त्याने घालावी. अण्णा, अध्यक्ष तुम्ही. तुम्ही सांगा."

अण्णांनी बाईंकडे पाहिलं, गणपतीकडे पाहिलं, खांबाशी उभ्या गोजरबाईकडे पाहिलं. कपाटाची किल्ली खिशातून काढून त्यांनी परवेझपुढे धरली. पण बाई तशाच बघत राहिल्या. किल्लीने भागणार नव्हतं.

"परवेझ," अण्णा घसा खाकरून म्हणाले, "जा बाबा. घाल हात."

परवेझ आधी नळावर गेला. कोपरापर्यंत हात धुतले, रुमालाने पुसले. मग मखरापुढे गुडघे टेकून बसला, झालर उचलली आणि पाटाला केसाइतकाही धक्का न लावता हात आत घातला. गोजरबाईने नकळत हात जोडले. आसारामने बटण लावलं. मखर उजळलं, आणि कक्षातून पूजा ओरडली, "सगळी चालू! सगळीच्या सगळी!"

परवेझ तसाच आत हात घालून म्हणाला, "डबा तापतोय, बाई. खाली काही ठेवायला हवं. कागद, पुठ्ठा, काहीही."

मनकर्णाबाईंनी सतरंजीवरची तक्रार उचलली, चार घड्या घातल्या आणि त्याच्या हातात दिली. तेवढ्यात अण्णांचा मोबाईल वाजला. पुण्याहून मोनिका विचारत होती, आरतीला अजून उशीर का?